वाक्याचा शेवट गिळू नका : एकपात्री करताना आवाज आणि अंग



तुम्ही तांदूळ निवडत असाल, शिलाई मशीनवर बसला असाल, किंवा गटाच्या बैठकीत रेडिओ मधोमध ठेवून ऐकत असाल, तर हातातलं काम चालू द्या. फक्त मधे आम्ही सांगू तेव्हा जरा थांबा आणि सांगितलेलं करून बघा. आजचा विषय नुसता ऐकून समजणार नाही, तो करूनच समजतो.

आम्ही उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या भागात बचत गटांचं काम करतो. शहरातल्या वस्त्यांमध्ये आमचे गट आहेत, तसे बदलापूरच्या पुढच्या गावांत आणि बारवी धरणाच्या बाजूच्या वाड्यांवरही आहेत. दरवर्षी ३ जानेवारीला सावित्रीबाई फुल्यांच्या जयंतीला आणि ८ मार्चला महिला दिनाला आमचा मेळावा असतो. सत्कार होतात, भाषणं होतात, आणि गटातली एखादी ताई एकपात्री करते. म्हणजे एकटीनं उभं राहायचं आणि एखादी व्यक्ती होऊन, तिच्या तोंडून बोलायचं.

एका वर्षी वाडीवरच्या एका ताईनं सावित्रीबाई करायचं ठरवलं. तिचं पाठांतर चोख होतं. आम्ही घरी गेलो तेव्हा भाकरी थापता थापता तिनं सगळं म्हणून दाखवलं आणि आम्ही ऐकतच राहिलो. मेळाव्याच्या दिवशी मात्र माइक हातात आला आणि सगळं बदललं. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं गेलं. नजर पायाच्या अंगठ्यावर गेली. सात मिनिटांचं बोलणं तीन मिनिटांत संपलं. बायांनी टाळ्या वाजवल्या, पण तिसऱ्या रांगेच्या मागे काही पोचलंच नव्हतं. खाली उतरल्यावर ताई म्हणाली, "माझ्याच्यानं नाय होणार. पुढल्या साली दुसरीला द्या."

चूक तिची नव्हती, आमची होती. आम्ही तिच्याकडून शब्द पाठ करून घेतले. आवाजाची आणि अंगाची तयारी करून घेतलीच नाही.

पुढे महिनाभरानं जे झालं ते आम्हाला जास्त लागलं. पाण्याचा नळ कुठे बसवायचा यावर एक बैठक होती. ठरवलेली जागा वाडीपासून लांब होती. तीच ताई उठली आणि म्हणाली, "आमच्या वाडीला हे मान्य नाही." निदान ती तसं म्हणाली असं तिला वाटलं. आम्ही शेजारीच बसलो होतो म्हणून आम्हाला कळलं. समोरच्यांना ऐकू आलं ते एवढंच : "आमच्या वाडीला हे मान्य…" शेवटचा शब्द तोंडातच राहिला आणि ती खाली बसली. वाडीला मान्य आहे असं धरून पुढचा विषय सुरू झाला. कुणी मुद्दाम केलं असं आम्ही म्हणत नाही. जेवढं ऐकू आलं तेवढंच धरलं गेलं.

त्या दिवशी आम्हाला एक गोष्ट नीट कळली. आपल्या मराठीत सगळा निकाल वाक्याच्या शेवटी असतो. "मी जाणार" आणि "मी जाणार नाही", "पैसे मिळाले" आणि "पैसे मिळाले नाहीत", फरक फक्त शेवटच्या शब्दाचा. आणि घाबरल्यावर आपण नेमका तोच शब्द गिळतो. श्वास संपलेला असतो, लवकर खाली बसायचं असतं, म्हणून आवाज उतरत उतरत नाहीसा होतो. एकपात्रीत काय आणि सभेत काय, पहिला धडा हाच : वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत न्यायचं.

एकटीनं बोलणारी बाई नवी नाही

"आपल्याला कुठं नाटक येतंय?" असं पुष्कळ जणी म्हणतात. जरा आठवा. आपल्या आज्या जात्यावर बसून सासर, माहेर, भाऊ, विठ्ठल यांच्याशी बोलायच्या. समोर कुणी नसायचं, तरी बोलणं कुणाशी चाललंय ते ऐकणारीला कळायचं. आपल्या ठाणे-रायगड भागात आगरी-कोळी लग्नात धवलारीण धवले गाते. हळदीपासून पुढचे विधी तिच्या आवाजावर चालतात आणि भरल्या मांडवात तिचा शब्द सगळे ऐकतात.

आणि आपल्या लोकलच्या महिला डब्यात कानातली आणि पिना विकणारी बाई बघा. बदलापूरहून गाडी सुटली की ती दोन पायांवर भार टाकून उभी राहते, हलत्या डब्यातही तिचा तोल जात नाही. शेजारून दुसरी गाडी धडधडत गेली की ती गप्प होते, आवाज ओसरला की पुन्हा सुरू करते. शेवटी "दहाला जोडी" म्हणताना "जोडी" कधीच गिळत नाही, कारण तिची भाकरी त्या शब्दावर आहे. एकपात्रीचे निम्मे नियम तिला ठाऊक आहेत.

मराठी साहित्यात या प्रकाराला शंभर वर्षांहून जास्त काळ झाला. दिवाकर, म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे, हे पुण्यातले शिक्षक. १९११ पासून त्यांनी नाट्यछटा लिहिल्या, एकूण ५१. आपली मुलं शाळेच्या स्पर्धेत नाट्यछटा म्हणतात, तिचं मूळ तिथं आहे. नाट्यछटेत एकच माणूस बोलतो, पण त्याच्यासमोर दुसरा कुणीतरी आहे, तोही काहीतरी म्हणतोय, हे आपल्याला या एकाच्या बोलण्यावरून कळतं.

आणि सावित्रीबाई करायची म्हटलं की एक नाव घ्यावंच लागतं, सुषमा देशपांडे. त्यांनी 'व्हय, मी सावित्रीबाई' हे एकपात्री लिहिलं आणि १९८९ पासून गावोगावी त्याचे प्रयोग केले. एक बाई उभी राहते आणि सावित्रीबाई होऊन आपली हकिकत सांगते. नावातला पहिला शब्द बघा. "होय" नाही, "व्हय". म्हणजे मोठ्या माणसाची भूमिका करायची तर पुस्तकी भाषा बोलायला हवी, असं नाही. तुम्ही घरात "नाय" म्हणत असाल तर स्टेजवरही "नाय" म्हणा. फक्त ते ऐकू आलं पाहिजे.

श्वास आधी, शब्द मागून

आता हातातलं काम खाली ठेवा. एक हात बेंबीवर ठेवा. नाकानं सावकाश श्वास घ्या. हात पुढे आला का? की फक्त खांदे वर गेले? खांदे वर गेले तर श्वास वरच्यावर आहे आणि तो अर्ध्या वाक्यात संपणार. पोट पुढे आलं तर श्वास पुरतो. आता श्वास सोडताना म्हणा, "मी आज बोलणार आहे." "आहे" म्हणताना पोटात थोडी हवा शिल्लक राहिली पाहिजे.

जमत नसेल तर सोपी युक्ती. खेळायला गेलेल्या पोराला जेवायला हाक मारायची आहे असं समजा. ती हाक आपण घसा ताणून मारत नाही, ती पोटातून निघते आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाते. ओरडणं वेगळं आणि आवाज पोचवणं वेगळं. ओरडलं की घसा बसतो. म्हणून सराव करताना एका ताईला अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभं करा आणि तिच्याशी बोला. तिनं फक्त एकच काम करायचं : शेवटचा शब्द ऐकू आला नाही की हात वर करायचा.

छाती धडधडायला लागली तर घाबरू नका, ती सगळ्यांचीच धडधडते. श्वास जेवढा वेळ आत घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून बाहेर सोडा. असं चार-पाचदा केलं की हातांची थरथर कमी होते. तोंड कोरडं पडतं म्हणून आधी दोन घोट साधं पाणी प्या.

सुरुवात खालच्या आवाजात आणि सावकाश करा. पहिलंच वाक्य चढ्या आवाजात घेतलं तर पुढे चढायला जागा राहत नाही. मिनिटाला साधारण शंभर शब्द हा चांगला वेग आहे. म्हणजे पाच मिनिटांसाठी पाचशे शब्द पुरेत, आणि मधे थांबायचं असेल तर साडेचारशेच लिहा. जास्त लिहिलं की धावावं लागतं.

थांबणं म्हणजे विसरणं नव्हे

बायांना गप्प उभं राहण्याची फार भीती वाटते. लोक म्हणतील, विसरली. पण एकपात्रीत सगळ्यात मोठी ताकद थांबण्यात आहे.

सावित्रीबाईंचंच उदाहरण घेऊ. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई शिकवायला निघाल्या की रस्त्यात लोक त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकायचे. त्या सोबत दुसरं लुगडं नेत आणि शाळेत पोचल्यावर बदलत. हा प्रसंग बहुतेक जणी रडवेल्या आवाजात, भरभर म्हणतात. आम्ही ताईला सांगितलं, तू रडू नकोस. फक्त म्हण, "मी रस्त्यानं निघाले." मग थांब. खांद्यावर काहीतरी पडलं, असं मान वळवून बघ. हातानं ते सावकाश झटक. मनात तीन अंक मोज. मग सरळ आवाजात म्हण, "पिशवीत दुसरं लुगडं होतं." सरावाला बसलेल्या बायांच्या डोळ्यांत पाणी आलं, ताईच्या नाही.

दुसरा प्रसंग २८ नोव्हेंबर १८९० नंतरचा. जोतीराव गेले आणि अंत्ययात्रेत सावित्रीबाई स्वतः टिटवं धरून पुढे चालल्या. त्या काळी बाईनं असं करणं कुणी ऐकलंही नव्हतं. तिथं शब्दच नकोत. दोन्ही हात पुढे, हातांत मातीच्या मडक्याचं वजन आहे असं समजून चार पावलं चालायचं. हात हलके, मोकळे दिसले तर लोकांना मडकं दिसणार नाही. भरला हंडा उचलताना आपली कंबर, मान, बोटं कशी होतात ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

अंग काय बोलतं

अंबरनाथचं शिवमंदिर तुमच्यापैकी अनेकींनी पाहिलं असेल, महाशिवरात्रीच्या जत्रेला तरी. १०६० सालचं ते बांधकाम. पुढल्या वेळी दर्शनाच्या रांगेत असाल तेव्हा बाहेरच्या भिंतींवरच्या मूर्ती बघा. कुणाची मान कुठे वळली आहे, भार कोणत्या पायावर आहे. एकही शब्द नाही, तरी कोण काय करतंय ते बरंच कळतं.

आपल्याला सुरुवातीला तीनच गोष्टी सांभाळायच्या आहेत.

पहिली, पाय. दोन पावलांमध्ये वीतभर अंतर ठेवा, भार दोन्ही पायांवर सारखा. एका पायावर उभं राहिलं की अंग डुलतं आणि डुलणारी बाई घाबरलेली दिसते. चालायचं असेल तर वाक्याला धरून चाला. उगीच येरझारा नकोत.

दुसरी, हात. पदर, मंगळसूत्र, बांगड्या यांच्याशी हात खेळतात, कारण त्यांना काम हवं असतं. पदर आधीच पिन लावून घट्ट करा आणि सरावही त्याच साडीत करा. हात मोकळे सोडायला शिका. प्रत्येक शब्दाला हातवारे नकोत. पाच मिनिटांत चार-पाच ठिकाणी हात उचलला तरी खूप, मग तो उचललेला दिसतो.

तिसरी, नजर. लोकांच्या डोळ्यांत बघायचा धीर होत नसेल तर तीन जागा ठरवा : डावीकडे एक ताई, उजवीकडे एक ताई, आणि मधे मागच्या रांगेतल्या बाईचं कपाळ. एक वाक्य एका जागेला द्या. वाक्य संपल्यावरच नजर हलवा. नजर आधी पळाली की शेवटचा शब्दही तिच्या मागे पळतो, हे आम्ही कितीदा पाहिलंय.

दोन माणसं दाखवायची असतील तर दिवाकरांची रीत कामाला येते. सासूशी बोलताना डावीकडे, थोडं वर बघा, कारण ती पलंगावर बसली आहे. मुलीशी बोलताना उजवीकडे, खाली बघा. एकदा ठरवलेली जागा शेवटपर्यंत बदलू नका. आणि न दिसणारी सासू काही म्हणते तेव्हा तिला बोलायला वेळ द्या. ऐकल्यासारखं थांबा, मग उत्तर द्या.

माइक तोंडापासून चार बोटं लांब धरा, कोपर अंगाजवळ. मान वळली की माइकही वळला पाहिजे. माइक बंद पडला तर बोलत राहू नका. थांबा, सुरू होऊ द्या, आणि तेच वाक्य पुन्हा घ्या.

शब्द नव्हे, मुक्काम लक्षात ठेवा

पाठांतराची भीती जायला एक उपाय आहे. सगळं शब्दाला शब्द पाठ करण्याऐवजी पाच मुक्काम ठरवा. सावित्रीबाईंसाठी आमचे मुक्काम असे : नायगावचं माहेर, लग्नानंतर जोतीरावांकडे गिरवलेली अक्षरं, शाळेचा रस्ता, टिटवं, आणि १८९७ सालच्या प्लेगात आजारी मुलाला पाठीवर घेऊन चाललेली सावित्री. तिथं शेवट, कारण त्या साथीतच १० मार्चला त्या गेल्या. एखादा शब्द निसटला तरी पुढचा मुक्काम ठाऊक असतो. अगदीच अडलं तर मागचं वाक्य पुन्हा सावकाश म्हणा. ऐकणाऱ्यांना वाटतं, मुद्दाम म्हटलं.

आता उल्हासनगरच्या गटातल्या एका सिंधी ताईंबद्दल सांगतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये ठेवलं गेलं आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर नाव मिळालं. आपण आजही कॅम्प एक, कॅम्प दोन म्हणतो ते त्यामुळेच. या ताई म्हणाल्या, "माझं मराठी तुटकं आहे, मी नको." आम्ही म्हटलं, तुटकंच बोला. त्या आपली आजी झाल्या. मांडीवर एक गाठोडं घेऊन स्टेजवर बसल्या आणि पाच मिनिटं ते गाठोडं त्यांनी हातातून सोडलं नाही. लहान लहान वाक्यं, प्रत्येक वाक्य पूर्ण. शेवटी गाठ सोडली आणि आत बघत राहिल्या. काय होतं ते सांगितलंच नाही. व्याकरणाच्या चुका पुष्कळ होत्या, पण मागच्या रांगेतल्या बाईलाही सगळं समजलं.

एक सावधगिरीही सांगायला हवी. पुष्कळ जणींना स्वतःची गोष्ट सांगावीशी वाटते, आणि समोर नवरा, दीर, सासू बसलेली असतात. कार्यक्रम संपल्यावर घरी जायचं असतं. अशा वेळी पात्राचा आडोसा घ्या. नाव बदला, गाव बदला. मैत्रिणीची गोष्ट असेल तर तिला विचारल्याशिवाय स्टेजवर नेऊ नका, मग ती कितीही चांगली असो.

आठ दिवसांची तयारी

पहिले दोन दिवस नुसतं घरात, काम करता करता मोठ्यानं बोला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उभं राहून, पाय रोवून. पाचव्या दिवशी एकाच मैत्रिणीसमोर. सहाव्या दिवशी गटासमोर, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला हात वर करणारी ताई उभी करून. सातव्या दिवशी त्याच साडीत, हातात माइक म्हणून लाटणं धरून. आठव्या दिवशी घसा आणि अंग दोन्हीला विश्रांती. सरावात हसू आलं तर हसून घ्या, पण "तुला नाही जमत" हे वाक्य गटात कुणी कुणाला म्हणायचं नाही.

वाडीवरच्या त्या ताईनं पुढच्या वर्षी पुन्हा सावित्रीबाई केली. दुसरीला द्या म्हणाली होती, पण तिच्या मुलीनंच हट्ट धरला. सात मिनिटांचं तिनं साडेसात मिनिटांत केलं. टाळ्या पडल्या, पण आम्हाला खरा आनंद झाला तो नंतर. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असा आपल्याकडे कायदा आहे, हे अनेकींना माहीत नसतं. त्या सभेत पाण्याचा विषय पुन्हा निघाला. ताई उठली. दोन्ही पाय टेकवले, श्वास घेतला, समोर बघितलं आणि म्हणाली, "आमच्या वाडीला ती जागा मान्य नाही." "नाही" म्हटल्यावर ती लगेच खाली बसली नाही. उभी राहिली, मनात तीन अंक मोजले. लिहिणाऱ्यानं लिहून घेतलं, मग बसली.

नळाचं अजून काही झालेलं नाही. पण आता कागदावर "मान्य नाही" असं आहे.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हिशोब झाल्यावर दहा मिनिटं काढा. गोल करून उभ्या राहा. प्रत्येकीनं "नाही"नं संपणारं एक वाक्य म्हणायचं, मग "आहे"नं संपणारं एक. समोरच्या ताईला शेवटचा शब्द ऐकू आला तरच पुढची पाळी. आणि ३ जानेवारीसाठी गटातून कोण उभी राहणार, तिचं नाव त्याच बैठकीत वहीत लिहा.